फिर्मांची दुसरी वही

शेवरोलच्या पंचक्रोशीत सोलांज पेरिशोंला ओळखत नाही असं कुत्रंसुद्धा नव्हतं. तीस वर्षं ती सायकलवरून टपाल वाटत होती आणि त्यातल्या निम्म्या कुत्र्यांनी कधी ना कधी तिच्या पोटरीची चव घेतली होती. कुठल्या शेतावर मागच्या दाराने जावं लागतं, कुठली वाट फेब्रुवारीत बुडते, कुठला म्हातारा पत्र वाचून दाखव म्हणून अडवतो, हे तिच्या पायांना पाठ होतं. तिचा नवरा फिर्मां कालव्याच्या बावीस नंबरच्या लॉकवर नोकरीला. होडी आली की लोखंडी दांडा फिरवून दरवाजे उघडायचे, पाणी चढवायचं किंवा उतरवायचं, होडी पुढे काढायची, दरवाजे मिटायचे. बोलणं कमी. पाण्याशी काम करणाऱ्या माणसाला घाई नसते, तशी त्यालाही नव्हती.

दोघं एकाच वर्षी निवृत्त झाली आणि दोघांनी जाड टायरच्या ग्रॅव्हल सायकली घेतल्या, खडी-मातीच्या वाटांवर चालणाऱ्या. गावाला वाटलं, म्हातारपणीचं खूळ. पण या दोघांच्या डोक्यात एक फेरा होता. कालव्याच्या काठाने घोडे पूर्वी नावा ओढायचे ती वाट होती, दहा ठिकाणी तुटलेली. जंगलात लाकूडवाल्यांचे रस्ते होते, काटेरी झुडपांनी गिळलेले. आणि मध्ये शेतं, कुरणं, त्यांची फाटकं. अकरा वर्षं दोघं कोयता आणि करवत पाठीला बांधून निघायची. झुडपं तोडली, ओढ्यांवर फळ्या टाकल्या. फाटकांचं काम फिर्मांने अंगावर घेतलं. एकेका शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात बसायचं, त्याची वाईन प्यायची, त्याच्या गुडघ्यांचं रडगाणं ऐकायचं आणि उठता उठता परवानगी मागायची. वचन एकच द्यायचा: फाटक जसं सापडेल तसं सोडू. शेवटी एकशे बारा किलोमीटरचा फेरा जुळला, एकेचाळीस फाटकांचा. दर सप्टेंबरात चाळीसेक लोक तो करायचे आणि युगेतच्या कॅफेत कांद्याचं सूप पिऊन घरी जायचे.

हे सगळं फिर्मां एका काळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचा. कुठे वळायचं, कुठे उतरून सायकल ढकलायची, कुठल्या शेतकऱ्याला आधी फोन करायचा. शुद्धलेखनाच्या नावाने शंख. वहीवर त्याने '१' असा आकडा टाकला होता, दुसरी होईल या आशेने. दुसरी झाली नाही. त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला.

त्या दिवसांत तांक्रेद लोव्हेर्न घरी येऊ लागला. लियोंचा माणूस, त्रेचाळिशीचा, देखणा, बोलायला मध. गावाबाहेरची जुनी पिठाची गिरणी घेऊन त्याने तिथे पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या होत्या आणि तो भाड्याने सायकली द्यायचा. आठवड्यातून दोनदा यायचा, फिर्मांची उशी सरळ करायचा, तासतासभर वाटांबद्दल विचारायचा. फिर्मांला इतकं बोलताना सोलांजने अख्ख्या संसारात ऐकलं नव्हतं. तिला तेव्हा तांक्रेद देवमाणूस वाटला. ही गोष्ट तिने पुढे स्वतःला कधी माफ केली नाही.

"ही वही दोन दिवस नेऊ का, मादाम?" त्याने एकदा दारात उभं राहून विचारलं.

सोलांजने नवऱ्याकडे बघितलं. "ने रे," फिर्मां म्हणाला. "वाटा लोकांसाठीच केल्यात."

मार्चमध्ये एका सायकल मासिकात आठ पानं छापून आली. रंगीत फोटो, मथळ्यात तांक्रेदचं नाव. आत लिहिलं होतं: दोन हिवाळे मी एकटाच या जंगलांत हिंडलो. या वाटा विसरल्या गेल्या होत्या. मला त्या सापडल्या. फिर्मांने चष्मा मागून घेतला आणि आठही पानं सावकाश वाचली. वळणं त्याची होती, इशारे त्याचे होते, ओढ्यावरच्या फळीची लांबीसुद्धा त्याने मोजलेली होती.

"अगं सोलांज."

"काय रे?"

"मी आधीच गेलोय का गं?"

त्याने मासिक तिच्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. पुढचे एकोणीस दिवस तो जगला, पण वाटांचं नाव त्याने काढलं नाही. अंत्यविधीला सर्वांत मोठं फुलचक्र तांक्रेदचं होतं.

महिन्याभराने सोलांज गिरणीवर गेली आणि तिने वही मागितली.

"मी परत दिली होती ना?" तांक्रेद म्हणाला. "फिर्मांच्या हातात दिली, मादाम. त्या दिवसांत तुम्ही इतक्या दमलेल्या होतात, लक्षात नसेल."

"आणि मासिकातलं?"

त्याने तिचा हात हातात घेतला. "वाटा कोणाच्या मालकीच्या नसतात. फिर्मांच मला म्हणायचा."

सोलांजने हात सोडवून घेतला. घरी येईपर्यंत तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिने डूख धरला होता, आणि ज्याने डूख धरला त्याला रडायला सवड नसते. शरद ऋतूत त्याचं पुस्तक आलं. दुकानादुकानांत ते उभं राहिलं. सप्टेंबरातला चाळीस जणांचा फेरा बंद पडला आणि त्या जागी तांक्रेदच्या नावाची मोठी फेरी सुरू झाली. सोलांज सगळं बघत राहिली. युगेत म्हणायची, "अगं, कोर्टात जा, पेपरात लिही, काहीतरी कर." सोलांज कॉफी ढवळत म्हणायची, "बघू."

संधी तांक्रेदनेच घरी आणून दिली. पुढच्या नोव्हेंबरात तो चॉकलेटांचा डबा घेऊन आला, फिर्मांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून त्याने उसासा टाकला आणि मग म्हणाला, "मादाम, त्या वहीवर एक नंबर टाकलेला होता. मनात आलं, दुसरी पण असणार. उत्तरेकडच्या वाटांची. जगासमोर यायला हवी. फिर्मांसाठी."

परत दिलेल्या वहीवर कुठला नंबर होता हे त्याला दीड वर्षानंतर बरं आठवत होतं. सोलांजने चेहरा हलू दिला नाही.

"असेल कुठेतरी," ती म्हणाली. "माळ्यावर खोकी पडलीत. शोधायला वेळ लागेल."

"तुमच्या सवडीने हो. मुळीच घाई नाही."

तो गेल्यावर तिने चॉकलेटं उकिरड्यावर नेऊन टाकली. माळ्यावर लॉकच्या जुन्या ऑफिसातल्या काळ्या पुठ्ठ्याच्या सहा कोऱ्या वह्या होत्या. तिने एक उतरवली, पुसली आणि टेबलावर ठेवली.

तो हिवाळा तिने नवऱ्याचं अक्षर गिरवण्यात घालवला. बाजाराच्या याद्या, वाढदिवसाची कार्डं, लॉकच्या नोंदी, सगळं समोर पसरायचं आणि लिहायचं. फिर्मांचा सातचा आकडा मधल्या आडव्या रेघेने कंबरेत आवळलेला असायचा, शब्दाच्या शेवटचं अक्षर तो अर्धवट सोडायचा. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तिच्या पेनातून त्याचं अक्षर असं उतरलं की ती उठून अंगणात गेली आणि थंडीत उभी राहिली. मग परत येऊन तिने पुढची ओळ लिहिली.

चांगल्या वाटा दिल्याशिवाय वाईट वाट खपणार नव्हती. म्हणून तिने टपालाच्या फेऱ्यांतल्या आपल्या लाडक्या वाटा त्यात घातल्या: बीच झाडांच्या रायांमधून जाणारी पांढऱ्या खडीची उतरण, कालव्याच्या फाट्यालगतची हिरवा बोळ, तिने कोणालाही न सांगितलेला झरा. शहाण्णव किलोमीटरचा फेरा, त्यातले नव्वद सोन्यासारखे. मग तिने त्यात तीन काटे पेरले.

पहिला काटा एका दगडी क्रूसाजवळ. तिथे तिने बेर्थ नावाच्या नावाडणीची गोष्ट लिहिली. बेर्थने म्हणे युद्धावर गेलेल्या नवऱ्याची त्या जागी तीस वर्षं वाट पाहिली, आणि अजूनही वारा पडला की तिची हाक ऐकू येते. दुसरा काटा व्हेर्नोच्या मोठ्या तळ्याजवळ. हे तळं कालव्याला पाणी पुरवतं. उन्हाळ्यात होड्यांसाठी पाणी सोडलं की तळ्याचं शेपूट उघडं पडतं आणि त्यावरून खडीची टणक वाट दिसते. पण ऑक्टोबरच्या पावसानंतर तिथे काळा चिखल होतो आणि वर बोटभर पाणी साचतं, आरशासारखं निरागस. सोलांजने लिहिलं: बाराही महिने कोरडी. तिसरा काटा तळ्यापलीकडच्या कुरणाचं फाटक. ते कुरण अँसेल्म राब्युतोचं. राब्युतो तिच्या वर्गातला, एकटा राहणारा, पांढऱ्या गाईंवर जीव असलेला आणि माणसांचा तिटकारा असलेला. फिर्मां त्याच्याकडे तीनदा जाऊन हात हलवत परत आला होता. सोलांजने लिहिलं: राब्युतोशी बोलणं झालंय. खुशाल उघडून जावं. चिखलाने माखलेला तांक्रेद त्या फाटकाशी पोचेल आणि राब्युतो दंडुका घेऊन समोर उभा असेल, असं चित्र तिने डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा आणलं. प्रत्येक वेळी त्यात तिला नवी चव लागायची.

फेब्रुवारीत तिने वही दिली. तांक्रेदने ती छातीशी धरली.

"फिर्मांचं नाव येईल ना?" तिने विचारलं. ही एक संधी तिने त्याला मनापासून दिली होती.

"हे काय विचारणं झालं, मादाम? पहिल्या पानावर."

सप्टेंबरात नव्या फेरीची पुस्तिका आली. सोळा पानं. सोलांजने सगळी तपासली, मलपृष्ठावरची बारीक अक्षरंसुद्धा भिंग लावून. फिर्मांचं नाव कुठेही नव्हतं. बेर्थची गोष्ट मात्र पानभर होती आणि खाली लिहिलं होतं: एका वृद्ध शेतकऱ्याने शेकोटीपाशी मला ही कहाणी सांगितली, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. सोलांज ते वाचून पोट धरून हसली. नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

"तुझं काहीतरी शिजतंय," युगेत म्हणाली.

"म्हातारीला हसायची बंदी आहे का?"

फेरी नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी होती. वाट तपासायला तांक्रेद ऑगस्टमध्ये आला होता खरा, पण गाडीने, छायाचित्रकाराला घेऊन, देखण्या जागी उतरून सायकलवर बसण्यापुरता. तळ्याकडे फिरकलाच नाही. फेरीआधी आठवडाभर पाऊस लागला होता. सकाळी चौकात एकशे साठ जण जमले. तांक्रेद लाकडी पेटीवर उभा राहिला, शेजारी त्या मासिकाचा संपादक आणि प्रादेशिक वाहिनीची कॅमेरावाली मुलगी. "या वाटेचा दगडन्‌दगड मला ओळखतो," तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोलांज सर्वांत मागे होती, छातीवर एकशे एकेचाळीस नंबर, फिर्मांचं जुनं जाकीट अंगात.

वीस किलोमीटरनंतर ती टपालाच्या जुन्या आडवाटेला लागली. पाऊस थांबला होता, कालव्यावर धुकं बसलं होतं, टायरखाली ओली खडी करकरत होती. एकाहत्तर वर्षांच्या तिच्या मांड्या त्या दिवशी तिशीतल्या झाल्या होत्या. साडेअकराला ती व्हेर्नोच्या धरणभिंतीवर पोचली, सायकल कठड्याला टेकवली, पाव-चीज खाल्लं आणि वाट बघत बसली.

ते तासाभराने आले. पुढे तांक्रेद, मागे संपादक, मुलगी एका हाताने कॅमेरा धरून, आणि मागे रंगीबेरंगी जाकिटांची लांबलचक रांग, जेमतेम एका सायकलीच्या रुंदीच्या बांधावर. बांध संपला तिथे वाट पाण्यात शिरत होती. तांक्रेदने ब्रेक मारला, हँडलवरच्या वाट दाखवणाऱ्या यंत्राकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं.

"इथूनच का?" संपादकाने विचारलं.

"इथूनच. थोडा ओलावा दिसतोय. तळ टणक आहे."

"हल्ली कधी आला होतात?"

"मागच्याच आठवड्यात." आणि कॅमेरा चालू होता म्हणून त्याने पॅडल मारलं.

चार सायकलींच्या लांबीइतका तो गेला. मग पुढचं चाक काळ्या चिखलात आसापर्यंत रुतलं, मागचं उचललं गेलं आणि तांक्रेद हात टेकायलाही वेळ न मिळता तोंडावर पडला. उठला तेव्हा डोळे तेवढे पांढरे दिसत होते. एक बूट चिखलाने ठेवून घेतला होता. रांगेत कोणीतरी फुसकन हसलं.

"मागच्या आठवड्यात इथे गुडघाभर चिखल होता," सोलांज भिंतीवरून म्हणाली. मोठ्याने नाही, तळ्यावर आवाज आपसूक पोचतो. सगळ्यांनी वर बघितलं.

"मादाम पेरिशों," तांक्रेद म्हणाला. मग इतरांकडे वळून, हळू आवाजात, "या बाईंचे यजमान वारलेत. त्यांचं दुःख मी समजू शकतो."

"माझं दुःख तुम्ही ठेवा तुमच्या दुसऱ्या बुटात," सोलांज म्हणाली. "पेटीवरून सांगत होतात ना, दगडन्‌दगड ओळखतो म्हणून? मग त्या बेर्थची गोष्ट सांगा. कोणी सांगितली तुम्हाला?"

संपादकाने खिशातून पुस्तिका काढली. "यात लिहिलंय. वृद्ध शेतकरी, शेकोटी."

"बेर्थ माझी कोंबडी आहे," सोलांज म्हणाली. "लाल, एक पाय अधू. गावात कोणालाही विचारा. ती गोष्ट मी माझ्या स्वयंपाकघरात रचली आणि एका वहीत लिहून यांना दिली, का, तर यांनी माझ्या नवऱ्याची वही अशीच नेली होती. यांचं पहिलं पुस्तक आहे ना, त्यातली वाटन्‌वाट फिर्मां पेरिशोंची. त्याने ती अकरा वर्षं हाताने मोकळी केली. तो अंथरुणावर होता तेव्हा यांनी छापली. मरायच्या आधी त्याने ती वाचली."

आता कोणी हसत नव्हतं. मग मागून शेवरोलचाच एक आवाज आला, "खरंय ते. मी सूप प्यायलोय त्या फेरीत." आणि दुसरा, "त्या कोंबडीने माझी भाजी खाल्लीये." तेव्हा मात्र हशाचा जो लोट उठला तो बांधाच्या टोकापर्यंत गेला. मुलीने कॅमेरा तांक्रेदच्या चेहऱ्यावर धरून ठेवला होता. तो बाहीने तोंडावरचा चिखल पुसत होता. वहीत हेच लिहिलंय असं म्हणावं, तर वही होती हे कबूल करावं लागत होतं. सोलांजने हे आधीच हेरून ठेवलं होतं. ती एकेक क्षण चघळत उभी राहिली.

थंडी वाजू लागली तसे मागचे लोक हलले. यंत्र दाखवत होतं की तळ्याला वळसा घालून कुरणाच्या फाटकातून डांबरी रस्ता गाठता येतो. पुस्तिकेतही होतं, खुशाल उघडून जावं. माणसं तिकडे वळली. सोलांजने ते पाहिलं. राब्युतो दिसत नव्हता. रविवारी तो बहिणीकडे जेवायला जातो हे ती विसरली होती. तिच्या मनात क्षणभर काहीतरी टोचलं. पण खाली तांक्रेद चिखलात हात घालून बूट शोधत होता आणि तिला तिथून नजर काढवेना.

दुपारी युगेतच्या कॅफेत सोलांजभोवती गर्दी होती. कोंबडीच्या नावाने दोन बाटल्या फुटल्या. चारच्या सुमारास युगेत आतून फोन ठेवून आली. तिचा चेहरा उतरला होता.

"राब्युतोच्या कालवडी कालव्यात पडल्या," ती म्हणाली. "फाटक सताड उघडं होतं. त्या घोळक्याला बुजून सुटल्या सगळ्या. लॉकजवळ भिंती उभ्या आहेत ना, वर चढता येईना. दोन काढल्या ट्रॅक्टरने. तिसरी गेली. गाभण होती."

सोलांजच्या हातात ग्लास होता. तिने तो टेबलावर ठेवला.

कोणी तिला दोष दिला नाही. कोणाच्या डोक्यातही आलं नाही. पुस्तिकेत राब्युतोच्या परवानगीची ओळ होती आणि पुस्तिका तांक्रेदची. एवढं खोटं बोलणाऱ्या माणसाने तेही खोटंच लिहिलं असणार, असं सगळ्यांनी धरलं. राब्युतोने वकील गाठला. वाहिनीवर तांक्रेदचा काळा चेहरा दोनदा दाखवला. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. सोलांजने ठरवलं होतं त्याच्या दसपट घडत होतं, आणि तिने करायचं ते एवढंच, की गप्प बसायचं. नऊ दिवस ती गप्प बसली. खरं सांगायचं तर त्यातले पहिले चार दिवस तिला गोड लागले.

पाचव्या दिवसापासून फाटकांना कुलपं पडू लागली. राब्युतो शेतोशेती फिरत होता. आज माझी कालवड, उद्या तुमची, असं सांगत होता. ज्यांनी फिर्मांला स्वयंपाकघरात बसून हो म्हटलं होतं, त्यांनीच साखळ्या आणल्या. सायकली बंद. सगळ्याच.

दहाव्या दिवशी दुपारी तांक्रेद तिच्या दारात आला. या वेळी हातात चॉकलेटं नव्हती, काळी वही होती. दाढी वाढलेली.

"फाटकाची ओळ तुम्ही लिहिलीत," तो म्हणाला.

"अक्षर फिर्मांचं आहे."

"मादाम, एक जनावर मेलंय. माझ्यावर केस होतेय. मी हे नेऊन राब्युतोला दाखवू शकतो."

"दाखवा की. वही कुठून आली, कशी आली, हेही सांगा. पहिली कशी आली तेही." ती दारातून हलली नाही. "पहिली मला परत करा. मग बघू."

तांक्रेदने मान खाली घातली. पहिल्यांदाच तो पाठ केलेलं बोलत नव्हता. "नाहीये ती. ऑफिस हलवताना रद्दीत गेली. सगळं उतरवून घेतलं होतं, म्हणून... मला वाटलं नाही, की कोणाला लागेल."

सोलांजने त्याच्या हातातली वही ओढून घेतली आणि दार लावलं. तो बाहेर बराच वेळ उभा होता. मग खडीवर त्याच्या पावलांचा आवाज आला आणि गेला. ती टेबलापाशी बसली. वही उघडली. फिर्मांचा कंबरेत आवळलेला सात. अर्धवट सोडलेली अक्षरं. आता जगात त्याची वही म्हणून हीच उरली होती. आणि तिच्यात फिर्मां पेरिशों खोटं बोलत होता.

तशीच वही घेऊन ती राब्युतोकडे गेली. तो गोठ्यात शेण ओढत होता.

"अँसेल्म."

"सोलांज. बस कुठेतरी. खुर्ची नाहीये."

"फाटकाची ओळ त्या लियोंवाल्याने नाही लिहिली. मी लिहिली."

राब्युतोचं फावडं थांबलं नाही. दोन वेळा खाली-वर झालं, मग भिंतीला टेकलं. त्याने हात पँटला पुसले आणि वही मागितली. तिने पान काढून दिलं. त्याने बराच वेळ वाचलं.

"हे फिर्मांचं अक्षर आहे."

"मी गिरवलं."

"मेलेल्या माणसाकडून खोटं वदवून घेतलंस."

"हो."

"तो तीनदा आला होता माझ्याकडे," राब्युतो म्हणाला. "तू उभी आहेस त्याच खांबाशी उभा राहिला होता. नाही म्हटलं की टोपी उचलायचा आणि जायचा. कधी चिडला नाही. चौथ्यांदा आला असता तर हो म्हणणार होतो. आला नाही. नंतर कळलं, आजारी होता."

गोठ्यातल्या उरलेल्या दोन कालवडी मान वळवून तिच्याकडे बघत होत्या. एकीच्या गुडघ्याला पट्टी होती.

"मी वकिलाला सांगते," ती शेवटी म्हणाली. "लिहून देते."

"दे लिहून." त्याने वही तिच्या हातात ठेवली आणि फावडं उचललं. "आणि सोलांज, आपण एका बाकावर बसलोय म्हणून तोंडावर सांगतो. यापुढे माझ्या आवारात पाय ठेवू नकोस."

तिने लिहून दिलं. गावात दोन तट पडले. काहीजण म्हणाले, बाई खमकी; काहीजण तिला बघून रस्ता बदलू लागले. तांक्रेदवरचा दावा मागे घेतला गेला, पण ज्याचं नाव कोंबडीशी जोडलं गेलं तो माणूस तिथे धंदा कसा करणार? वसंतात त्याने गिरणी एका डच जोडप्याला दिली आणि तो निघून गेला. कुठे, ते कोणी विचारलं नाही.

तो अख्खा हिवाळा सोलांज सायकलवरून एकेचाळीस शेतं फिरली. प्रत्येक ठिकाणी स्वयंपाकघरात बसायची, वही पुढे ठेवायची, काय केलं ते सांगायची. वाईन पुढे आली तर प्यायची, नाही आली तर तशीच उठायची. सतरा जणांनी साखळ्या काढल्या. बाकीच्यांनी नाही काढल्या. एकाने तिच्यावर कुत्रं सोडलं. ते तिला ओळखत होतं आणि शेपूट हलवत आलं, त्याने धनी आणखीच चिडला. फिर्मांचा फेरा आता तुकड्यातुकड्यांनी उरला होता, मधले भाग डांबरी रस्त्याने जोडावे लागत होते.

एप्रिलमध्ये एकदा युगेतने कप पुसता पुसता विचारलं, "खरं सांग, पुन्हा संधी मिळाली तर करशील?"

सोलांजने विचार केला. "त्याला चिखलात पुन्हा पाडीन. दोनदा पाडीन. कोंबडीची गोष्ट आणखी लांब लिहीन." तिने हातमोजे चढवले. "त्या फाटकाची ओळ नाही लिहिणार."

"आणि राब्युतो?"

"तो नाही म्हणालाय. नाही म्हणजे नाही."

ती बाहेर पडली. कालव्यावर मोसमातली पहिली होडी लॉककडे सरकत होती. अठरावी साखळी निघते का बघायला सोलांजला त्या दिवशी एका शेतावर दुसऱ्यांदा जायचं होतं, पलीकडच्या काठाने, चढ संपतो तिथे. मालकीणबाईंनी मागच्या वेळी दार उघडलं नव्हतं, पण पडदा हलला होता. तिने सायकल पुलावर घेतली आणि खडीला लागली.